हिरव्या गाडीची डावी बाजू

कार्तिक लागला की आमच्या चौलच्या रस्त्यावरचं ऊन आडवं होतं. पोफळींच्या दाटीतून कशीबशी वाट काढत ते येतं आणि सगळ्या रस्त्यावर उजेडाचे नि सावलीचे पट्टे पडतात. वाडीत सुपारीची काढणी सुरू झालेली असते. अंगणात ओल्या सुपाऱ्या पसरलेल्या असतात आणि त्यांचा तुरट, किंचित आंबूस वास पार माजघरापर्यंत येतो. पाहुणे म्हणतात, "काय सुंदर दिवस आहेत हो तुमच्याकडे!" मी हो म्हणते. पण या दिवसांत रस्त्यानं चालताना माझे खांदे आपोआप आवळले जातात. त्या पट्ट्यांतून एखादी सायकल एकदम पुढं आली की उजवा पाय जमिनीत रुततो. पायाखाली ब्रेक नसतो. त्या वर्षीही नव्हता. मी डावीकडच्या सीटवर बसत असे.

गाडी माझ्या आधी या घरात आली. लग्नाआधी हे मुंबईला एका कारखान्यात इंजिनियर होते. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी त्यांचा गोरा साहेब मायदेशी निघाला आणि निघताना आपली गाडी यांना देऊन गेला. दोनच माणसांची, उघडी, शर्यतीच्या गाडीच्या घाटाची, गर्द हिरवी. लांबलचक नाक, तारांची चाकं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा. तसल्या गाड्या तिकडं विलायतेत बनवणाऱ्यांनी मोजक्याच काढल्या होत्या, आणि पुन्हा काढायच्या नाहीत असं ठरवूनच. आतल्या बाजूला एक पितळी पट्टी आहे, तिच्यावर हिचा नंबर कोरलाय. "हिच्या बहिणी जगात कुठं कुठं असतील कोण जाणे," हे म्हणायचे, "पण या देशात हिला बहीण नाही."

पुढं थोरले भाऊजी अकाली गेले. वाडी बघायला कोणी उरलं नाही, म्हणून हे नोकरी सोडून चौलला परतले. मुंबईहून येताना आणलं ते एवढंच. गाडी पडावातून रेवदंड्याच्या बंदरात आली. भरती पुरी चढेपर्यंत थांबून, फळ्या टाकून, दोर लावून खलाशांनी ती उतरवली. तेवढा सगळा वेळ हे धक्क्यावर पाठ फिरवून उभे होते, असं सासूबाई सांगायच्या.

गावानं तिचं नाव 'बोडकी' ठेवलं होतं. आमच्या घरात तो शब्द कसा लागत असेल ते सांगायला नको. सासूबाईंच्या डोक्यावर आलवण होतं. पण त्यांनीच एकदा रस्त्यावरच्या पोरांना थांबवून शांतपणे सांगितलं, "टप आहे रे तिला. हौसेनं काढून ठेवते ती. माझ्यासारखं नाही." त्यानंतर आमच्या आळीत तरी कोणी तो शब्द काढला नाही.

समुद्राकाठी लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, विहिरीची कडी, दाराची बिजागरं, सगळं वारा खात असतो. तिथं ही परदेशी लेक सांभाळायची म्हणजे रोजचं व्रतच होतं. सकाळी विहिरीचं गोडं पाणी, मग मऊ पंचा, मग चकचकीत पट्ट्यांवर खोबरेल तेलाचं बोट. उंदरांनी सीटची गादी कुरतडू नये म्हणून आत कडुलिंबाचा पाला. सून म्हणून पाणी शेंदायचं काम माझ्याकडं, त्यातल्या दोन कळश्या गाडीच्या. मूळचा टप पहिल्याच पावसाळ्यात कुजला, तेव्हा रेवदंड्याला गलबतांची शिडं शिवणाऱ्यांकडून यांनी नवा शिवून घेतला. काही मोडलं तर सुटा भाग कुठंच मिळायचा नाही. हे स्वतः लाकडाचा नमुना कोरायचे, मुंबईला पाठवून तसा ओतून आणायचे, आणि तो बसेपर्यंत जेवणात लक्ष नसायचं.

रोज दुपारी चहानंतर गाडी नागावपर्यंत नेऊन आणायची. "उभी राहिली की आखडते ती," हे म्हणायचे. शेजारी मी. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या कुंपणाचे चिऱ्यांचे गडगे, वर पोफळींचा मांडव, वारा पदर धरू देत नसे. लग्नानंतरची पहिली वर्षं मला त्या अर्ध्या-पाऊण तासाचं भारी अप्रूप होतं. घरात आम्हाला एकमेकांशी बोलायला सवड कुठली! गाडीतही आम्ही फार बोलत नव्हतो, पण शेजारी बसलेले असायचो.

आणि मग तो कार्तिक आला.

आधी कळलं ते एवढंच, की हे दिवेलागणीच्या आत घरी यायची घाई करू लागले. मला वाटलं, दिव्यांत काही बिघाड असेल. मग एका संध्याकाळी अंगणातून ओटीकडं येताना ते सरळ वाळत घातलेल्या सुपाऱ्यांत शिरले, घसरले आणि हातावर पडले. "इथं कोणी पसरल्या?" म्हणून ओरडले. सुपाऱ्या दर वर्षी तिथंच पसरतात. पुढं एकदा मी चहाचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि त्यांनी तो कोपरानं उडवला. पेला तिथं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्या दिवशी गाडीत बसले ती रस्त्याकडं नव्हे, त्यांच्याकडं बघत. ते नजर सरळ ठेवून बसले होते, नेहमीसारखेच रुबाबात. पुढं डाव्या अंगाला गडग्यालगत एक गाय उभी होती. जवळ आली, आणखी जवळ आली. गाडीचा वेग तसाच.

"अहो, गाय!"

ब्रेक करकचून लागला. "दिसतेय मला," हे म्हणाले. पण गाय कुठं आहे ते मान वळवून शोधत होते.

उन्हाच्या पट्ट्यांतून सावलीत शिरलो की त्यांची बोटं स्टिअरिंगवर घट्ट व्हायची. त्या चार-दोन क्षणांत ते काहीही न बघता गाडी हाकत होते, हे मला कळलं. रस्ता त्यांना पाठ होता. कुठं वळण, कुठं पाट ओलांडायचा, कुठं कोणाचं फाटक. पाठ नसायची ती फक्त हलणारी माणसं.

"चालवू नका" असं सांगायची माझी छाती झाली नाही असं कोणी म्हणेल. एकदा सांगितलं होतं. "डोळे दाखवून यायचे का मुंबईला?" एवढंच म्हटलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्या गाडीवर कुऱ्हाड उगारली आहे. दोन दिवस ते जेवले आणि झोपले, बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहानंतर बाहेर गाडी सुरू झाली आणि मी पदर खोचून जाऊन बसले. न बसून काय करणार? मी नसले तर डावी बाजू कोण बघणार?

त्या दिवसापासून मी गाडीत बोलायला लागले. अखंड. "अगंबाई, वैद्यांच्या फाटकात केवढा झेंडू फुलला! आणि कोण हो ते सायकलवर, आपल्याच बाजूनं येतंय, पोस्टमन का? बैलगाडी कशी हो एवढी भरतात, अर्धा रस्ता अडवलाय बघा." हे हूं म्हणायचे आणि गाडी हलकेच उजवीकडं जायची. पोस्टमन सुखरूप मागं पडायचा. पुढचं वळण येईपर्यंत माझ्या तोंडाला कोरड पडलेली असायची, तरी हसत हसत, गप्पा मारल्यासारखं बोलायचं. आवाज कापला तर त्यांना कळेल ही भीती, आणि थांबले तर कोणी मरेल ही दुसरी. घरी उतरले की पोटऱ्या दुखायच्या. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आली तेव्हा मुकी होती ही. आता मोटारीत बसली की पोपट होते." मी हसले आणि आत जाऊन तांब्याभर पाणी प्याले.

एका दुपारी मी वाडीत मागच्या अंगाला होते. काढणीचा दिवस. वरती गडी एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जात होते, खाली बायका घड गोळा करत होत्या. रहाट फिरत होता, त्यामुळं गाडी सुरू झाल्याचा आवाज मला उशिरा ऐकू आला. हातातलं टाकून मी धावत पुढं आले, तर गाडीची पडवी रिकामी. ओटीवर सासूबाईही नव्हत्या. सोमवार होता, त्यांना रामेश्वराच्या देवळात जायचं होतं, आणि यांनी त्यांना शेजारी बसवून नेलं होतं. सासूबाई गाडीत बसल्या की डोळे मिटून जप करत.

मी तशीच रस्त्यावर आले आणि चालू लागले. आधी चालत होते, मग पळत. वाटेत कोणी विचारलं, "काय झालं हो?" मी थांबले नाही. कान पुढं लागलेले. इंजिनाचा आवाज दूर जात होता, जात होता, आणि मग तो एकदम बंद झाला.

वळण घेतलं तेव्हा प्रथम दिसल्या त्या सुपाऱ्या. उताराला लागून त्या माझ्याकडं घरंगळत येत होत्या. गाडी रस्त्यात तिरपी उभी होती. डाव्या अंगाचा मडगार्ड गडग्याला घासून चेपला होता. आणि गडग्याशी येसू बसली होती, आमच्याच वाडीतल्या गड्याची बायको, कोपरातून रक्त येत होतं. टोपली फुटून पडलेली. हे गाडीपाशी उभे होते, चेहरा पांढराफटक.

"आडवी आली ती," मला बघून हे म्हणाले. "अचानक आडवी आली."

"न्हाय नाना," येसू म्हणाली. ती रागावली नव्हती, हेच मला सहन होईना. "मी गडग्याला चिकटून उबी व्हते. तुमी माज्याकडंच बगत व्हतात. म्हनून मी हाललेच न्हाय."

सासूबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी एकदा मुलाच्या तोंडाकडं पाहिलं, फार वेळ पाहिलं. मग त्या भर रस्त्यात खाली वाकल्या आणि एकेक सुपारी उचलून आपल्या आलवणाच्या पदरात घालू लागल्या. येसू "काकू, तुमी नको, तुमी नको" म्हणत उठली, तरी त्या थांबल्या नाहीत. सगळ्या वेचून झाल्यावर म्हणाल्या, "माधवा, गाडी इथंच राहू दे. घरी चल. पायी."

पण गाडी तिथं राहू देऊन चालणार नव्हतं, अलिबागेहून एस.टी. यायची वेळ झाली होती. चार माणसं ढकलायला जमली. स्टिअरिंगवर कोणीतरी बसायला हवं होतं. मी बसले. कोणाला विचारलं नाही. हे मागं ढकलणाऱ्यांत होते, त्यांच्याकडं बघायचं धैर्य मला झालं नाही.

येसूचं कोपर महिन्याभरात भरलं. मडगार्डचा तो पोचा मात्र यांनी कधी काढून घेतला नाही. गाडीवर धुळीचं बोट उठलेलं न खपणाऱ्या माणसानं तो तसाच ठेवला. अजून आहे.

आठवड्याभरात आम्ही रेवसहून लाँच पकडून मुंबईला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना अंधाऱ्या खोलीत बसवून बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, डोळ्याचा पडदा कडेकडेनं वाळत चाललाय. नळीतून बघावं तसं मधलं दिसतं, तेही हळूहळू जाईल. उपाय नाही. हे उठले, त्यांना नमस्कार केला, आणि दाराऐवजी दाराच्या चौकटीकडं गेले. मी हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत मी त्यांचा हात धरलेला तो पहिला.

परतीच्या लाँचवर वारा होता. हे कठड्याशी बसले होते.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"तुम्ही सुपाऱ्यांत पडलात तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

"बोलत होते की. रोज बोलत होते."

मग ते म्हणाले, "माहीत आहे. ती झेंडूची फुलं मला कधीच दिसली नव्हती. तू झेंडू म्हणालीस की मी उजवीकडं घ्यायचो." आणि त्यांनी तोंड समुद्राकडं फिरवलं. त्यांची पाठ हलताना दिसली, तशी मी नजर वळवली. माणसाला रडायला तेवढी तरी जागा हवी.

गाडी विकायचं ठरलं. मुंबईचा एक हौशी शेठ बघायला आला. तो गाडीभोवती फिरला, पितळी पट्टीवरून अंगठा फिरवला, खूष झाला आणि "जरा चालवून बघतो" म्हणाला. हे ओटीच्या खांबाला टेकून ऐकत उभे राहिले. शेठनं घाईनं गिअर टाकला, आतून दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला. पुन्हा टाकला, पुन्हा तोच आवाज. यांच्या गालाची शीर उडताना मला दिसली. शेठ परत आला तेव्हा हे म्हणाले, "माफ करा. गाडी द्यायची नाही." शेठनं पुष्कळ आर्जवं केली, मग चिडून निघून गेला.

मला वाटलं, आता ही पडवीत उभी राहून कुजणार, आणि हे रोज तिच्यापाशी बसून कुजणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या कळश्या घेऊन गेले, तर हे म्हणाले, "सुमती, तुला शिकावं लागेल."

"मला? लोक काय म्हणतील?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "नऊवारी नेस. पाय मोकळे राहतील."

ओहोटीच्या वेळी रेवदंड्याची वाळू टणक असते. तिथं मार्गशीर्षभर मी शिकले. शिकवणं सोपं नव्हतं, शिकणं त्याहून नाही. त्यांना माझे हातपाय दिसत नव्हते. ते फक्त ऐकायचे. "क्लच अर्धाच दाबलास. सोड. मारून टाकशील तिला." मी एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, "तिला, तिला! आणि मी?" ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "तुला काही झालं तर मी तिला समुद्रात ढकलीन." प्रेमाचं म्हणून त्यांनी माझ्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य, आणि तेही ओरडून. एकदा वाळू मऊ लागली, मागची चाकं रुतली आणि भरतीचं पाणी पावलांपर्यंत आलं. हे गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसत होते आणि मी स्टिअरिंगवर, दात आवळून. गाडी निघाली तेव्हा आम्ही दोघं खारं पाणी आणि घाम यांनी चिंब होतो, आणि का कोण जाणे, हसत होतो. घरी येऊन मात्र त्यांनी आधी गाडीवर गोडं पाणी ओतलं.

पौष संपता संपता मला परवाना मिळाला. तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्या काष्ट्याकडं आणि कुंकवाकडं दोनदा पाहिलं, पण गिअरला नाव ठेवलं नाही. गावानं ठेवायची ती नावं ठेवली. पण माझा खरा धाक वेगळाच होता. गडग्यालगत कोणी बाई उभी दिसली, की मी इतकी हळू व्हायचे की गाडी थांबायची. हे शेजारी बसलेले असायचे, मांडीवर हात ठेवून. काय दिसलं म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

काढणी संपत आली होती. माघातली दुपार. त्याच रस्त्यावर येसू घाईघाईनं नागावच्या दिशेनं चाललेली दिसली. आमचा आवाज ऐकताच ती गडग्यावर चढल्यासारखी बाजूला झाली. मी गाडी थांबवली.

"कुठं गं एवढ्या उन्हाची?"

"लेकीला कळा लागल्यात वयनी. नागावला. सांगावा आला. पैली खेप हाय."

गाडीत जागा दोनच. मी काही म्हणायच्या आत यांनी दार चाचपून उघडलं आणि खाली उतरले. "बस येसू."

येसू हालेना. तिनं यांच्याकडं पाहिलं, मग स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडं. "तुमी चालवताव वयनी?"

"हो. मीच."

"मंग बसते."

ते यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. गडगा हाताला लागेपर्यंत दोन पावलं मागं सरले आणि तिथं पाठ टेकून उभे राहिले, येसू उभी होती तसेच. मी म्हटलं, "इथंच थांबा हं. हलू नका." आणि गाडी सोडली.

नागावपर्यंत येसूनं दाराची कड सोडली नाही. माझं अर्धं मन मागं राहिलं होतं. रस्त्यावर बैलगाड्या होत्या, एस.टी. होती, आणि ज्याला कडेचं काही दिसत नाही असा माणूस मी भर रस्त्यावर उभा करून आले होते. येसूला लेकीच्या दारात उतरवलं. ती धावत आत गेली. नात झाली, दोघी धडधाकट, हे संध्याकाळी कळलं. मी मात्र तिथून तोंड फिरवून निघाले ती आयुष्यात पहिल्यांदा गाडी खरी पळवली. वारा कानात भरला होता. वळण आलं.

हे होते. गडग्याला पाठ लावून, तिथंच. मी गाडी अगदी पायाशी नेऊन उभी केली.

"घाबरलात?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. "वळणापर्यंत नीट ऐकू येत होती," ते म्हणाले. "मग नागावच्या चढावर पुन्हा एकदा. त्या शेठची खरखर सोडली, तर बाहेर उभं राहून मी तिला कधी ऐकलंच नव्हतं गं. मी नेहमी आतच." थोडं थांबून म्हणाले, "छान वाजते."

मग हात पुढं करून त्यांनी बॉनेट शोधलं. पळून आल्यानं ते चांगलंच तापलं होतं. तरी त्यांनी हात काढला नाही.